वेल अजून गळतेय

आज तिसरा दिवस. उठल्या उठल्या मागच्या दारी द्राक्षाच्या वेलीपाशी गेले, तर छाटलेल्या प्रत्येक काडीच्या टोकाला थेंब आहेच, फुगतो, लोंबतो, पडतो, की लगेच दुसरा तयार. खाली माती ओली झालीये. एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला, नुसतं पाणी, चव अशी काही नाहीच.

हे कशानं होतं ते मला माहितीये. माती तापायला लागली की मुळं पाणी वर ढकलतात, वर पानं नसतात, मग ते कापल्या जागेतून बाहेर येतं. पालवी फुटली की आपोआप थांबतं, वेल काही त्यानं मरत नाही, आणि वरून काही फासूनही उपयोग नसतो. सगळं माहितीये, तरी काल रात्री दोनदा टॉर्च घेऊन बघून आले. कारण महिनाभर आधी, वेल झोपलेली असताना कात्री लावली असती तर एवढी गळली नसती. आणि महिन्याचं काय घेऊन बसलेय, चार वर्षं हात लावला नाही मी. दरवेळी पुढच्या वर्षी निवांत करू. बाबा असते तर... जाऊ दे.

आणि कापलं तरी किती, दहातले नऊ भाग गेले. द्राक्षं येतात नव्या फुटीवर आणि ती फूट निघते गेल्या वर्षीच्या काडीच्या डोळ्यातून, म्हणजे पेरावरच्या कोंबातून, म्हणून काडीला दोन-दोन डोळे ठेवले आणि बाकी सगळा गुंता काढला. दोनच ओलांडे, म्हणजे तारेवरच्या आडव्या जाड फांद्या, राहिलेत, त्यातला एक अर्धा वाळलेला. आई खिडकीतून बघत होती, काहीच बोलली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

पण खरं लागलं ते सुतळीचं. बाबांनी ओलांडा तारेला बांधला होता ती गाठ, पार लाकडात रुतलेली, दोन्ही बाजूंनी साल फुगून वर आलेली. चाकूच्या टोकानं एकेक धागा उपसला, अर्धा तास गेला, खाली ही एवढी खोल खाच. त्यांनी सैलच बांधली असणार. वेल जाड होत गेली, सोडून परत बांधायचं काम माझं होतं. माझंच होतं.

संध्याकाळी परत गेले. थेंब चालूच, पण खालच्या एका काडीवरचा डोळा कापसलाय, खवले उकलून आतली भुरकट लव दिसतेय. मग बराच वेळ तिथेच बसले. बुडातून एक सरळ काडी वर आलीये, ती मी परवा कापणारच होते, पण ही वेल कलमाची नाही, बाबांनी साध्या काडीपासून केलेली, म्हणजे बुडातली फूटही तीच वेल. वरचा ओलांडा नाहीच सावरला तर हिचंच नवं खोड करता येईल, दोन-तीन वर्षं लागतील, लागू देत. यंदा द्राक्षं नकोतच.

उद्या तिला काठीचा आधार द्यायचाय. सुती कापडाची पट्टी, आठच्या आकड्यात, मधे बोट जाईल इतकी सैल. आणि मोबाईलमध्ये रिमाइंडर लावलाय, सहा महिन्यांनी सोडून परत बांधायची.