खापरीवाले गुरुजी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकात बाकीचे निकालावर, स्नेहसंमेलनावर लिहितीलच, मी आपल्या इतिहासाच्या गुरुजींवर लिहितोय. नाव लिहायची गरज नाही, तेरमध्ये कुणालाही खापरीवाले गुरुजी म्हटलं की कळतं. रिटायर झाल्यावर लोक शेती बघतात, पारावर बसतात, हे मात्र रोज सकाळी सायकल काढून गावातल्या जुन्या वस्तूंच्या लामतुरे म्युझियमला. पगार नाही, मानधन नाही, कुणी ये म्हटलेलंही नाही.

बाहेरच्या लोकांना तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, वारीतलं. ते आहेच. पण 2 हजार वर्षांपूर्वी हेच तगर होतं, इथलं कापड गाड्यांवर लादून पार भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून जहाजानं पुढं, हे आम्हाला पुस्तकाच्या आधी गुरुजींनी सांगितलं. पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तकात पैठणपासून पूर्वेला 10 दिवसांच्या वाटेवर तगर असं लिहिलंय. गुरुजींनी नकाशावर दोरा धरून अंतर मोजायला लावलं, तर एका पोराने विचारलं, गुरुजी पण तेर तर आग्नेयेला येतंय. गुरुजी खूश. "अरं तो लिहिणारा कुठं इथं आला असंल, बंदरावर ऐकलं आन् लिहिलं!"

आपल्याकडे धाब्याच्या घरांवर टाकायला पांढरीची माती आणायचे, आणि ती पांढरी म्हणजेच जुनं गाव गाडलं गेलेलं टेकाड. म्हणजे एकीकडे गाव स्वतःचाच इतिहास खणून माळवदावर टाकत होतं आणि त्याच खणण्यात मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहनांची नाणी वर येत होती, पहिला पाऊस पडला की तर नुसतं वेचायचं. रामलिंगप्पा लामतुरे अप्पांनी हेच सगळं आयुष्यभर जमवलं, त्या हजारो वस्तू पुढं सरकारकडे गेल्या आणि म्युझियम उभं राहिलं. 1958 ला पुरातत्त्ववाल्या चापेकरांनी इथं उत्खनन केलं ते वेगळं.

गुरुजींचं काम अप्पांच्या पुढचं. कुणी काही घेऊन आलं की हातात घ्यायच्या आधी विचारायचे, कुठं घावलं, गट नंबर किती, किती हात खोल, शेजारी काय होतं? ते सगळं वहीत, तारखेसकट. एकदा मी नदीकाठी सापडलेला मातीचा मुखवटा ब्रशने घासायला लागलो तर माझा हात धरला, म्हणाले पाणी नको, ब्रश नको, वाळू दे, माती आपोआप सुटती. मग दोन दिवसांनी त्यांनी बोरूच्या टोकानं नाकाच्या कडेची माती अशी हळू काढली की आम्ही चार पोरं श्वास रोखून बघत होतो. वहीत नोंद झाली तेव्हा सापडवणारा म्हणून माझं नाव, वडिलांच्या नावासकट! घरी येऊन मी ते सगळ्यांना सांगितलं.

लोक येतात ते हस्तिदंती बाईची मूर्ती बघायला, वीतभरही नाही, पण तशीच एक तिकडं इटलीत पाँपेईच्या राखेखाली 1938 मध्ये निघाली म्हणून तिचं नाव मोठं. फोटो काढला की चालले. गुरुजी त्यांना अडवून उत्तरेश्वराच्या देवळाची लाकडी चौकट दाखवायचे. इतकी शतकं लाकूड टिकलंय राव, त्याच्यापुढं दोन मिनिटं तरी थांबा, असं ते कलेक्टरलासुद्धा म्हणायचे. (कलेक्टर थांबले होते म्हणे.)

गुरुजी गेले. आता त्यांच्या वह्या घरी ट्रंकेत आहेत, काहींना वाळवी लागलीय, मी स्वतः बघून आलो. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेला कमान बांधायचं चाललंय असं ग्रुपवर वाचलं. कमान पुढच्या वर्षी बांधा की. आधी त्या वह्या स्कॅन करून एक सेट शाळेत आणि एक म्युझियममध्ये ठेवू, अर्धा खर्च माझा, घरच्यांशी बोलणं झालंय, ते हो म्हणालेत. ज्यांना मोडी-बिडी नाही पण गुरुजींचं अक्षर वाचता येतं त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस काढावेत, कारण ते अक्षर लई अवघड आहे.