तेल पिणारं इंजिन

‘गाडी तेल खायला लागलीय’ असं मेकॅनिक म्हणाला की मालकाचा चेहरा उतरतो. रिंगा गेल्या असणार, इंजिन उतरवावं लागणार, खर्चाला तोंड फुटणार. रोटरी इंजिनाच्या गाडीला मात्र उलटा न्याय लागू आहे. तिनं तेल खाल्लं नाही, तर काळजी करायची.

या इंजिनात पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर, कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल कोठीत गरागरा फिरतो. त्याच्या तीन टोकांना तीन बारीक पट्ट्या असतात, त्यांना एपेक्स सील म्हणतात. त्या कोठीच्या भिंतीला सतत घासत असतात. पिस्टनच्या सिलिंडरला खालून तेलाचा शिडकावा मिळतो, इथे ती सोय नाही. जपानच्या माझदा या मोटार कंपनीच्या इंजिनिअरांना साठच्या दशकात हिरोशिमात याच भिंतीनं रडवलं होतं. चाचणीचं इंजिन उघडावं तर आत आडवे ओरखडे. ‘सैतानाची नखं’ असं नाव त्यांनी त्यांना दिलं होतं. सीलचा धातू बदलून केनिची यामामोतोंच्या चमूनं ती नखं कापली आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी इंजिनाची गाडी रस्त्यावर आली. तेलाची गरज मात्र संपली नाही. म्हणून इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक छोटा पंप असतो. इंजिनातलंच तेल तो थोडं थोडं आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं.

ऑकलंडला माझ्या शेजाऱ्याकडे १९९० ची आरएक्स-७ आहे, माझदाची रोटरीवालीच. हा पंपच काढून टाकायचं त्यानं ठरवलं, आणि टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आलं. त्याची कारणं ऐकली तर पटतात. पंपातून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या इतक्या वर्षांच्या उष्णतेनं कडक होतात आणि हात लागला की तडकतात. शिवाय इंजिन ऑइल जळण्यासाठी बनवलेलंच नसतं, त्याची राख आत साठते. त्यापेक्षा टू-स्ट्रोकचं स्वच्छ जळणारं तेल थेट पेट्रोलच्या टाकीत ओतावं, असं हे शास्त्र सांगतं. दहा लिटरला साधारण ५० ते १०० मिलि.

काम तसं सोपं. पंप उतरवायचा, त्या जागी पत्र्याची चकती बसवायची, नळ्यांची तोंडं बंद करायची. खरी गंमत पुढे आहे. हा पंप इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे तो दिसला नाही तर गाडीचा कॉम्प्युटर बिथरतो आणि वेगच धरू देत नाही. म्हणून उतरवलेला पंप वायरीला तसाच जोडून एका कोपऱ्यात बांधून ठेवायचा. काम काही नाही, पण मस्टरवर सही रोजची. सरकारी कचेरीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्या वडिलांना हा भाग सांगितला, तर ते कितीतरी वेळ हसत होते.

आपल्याला पेट्रोलमध्ये तेल घालणं नवं नाही. बजाज चेतकच्या काळात पंपावर ‘टू-टी टाका’ हे सांगावंच लागायचं, आणि पोऱ्या मापानं तेल ओतायचा ते डोळ्यांत तेल घालून पाहावंही लागायचं. पण चेतकला आपोआप तेल देणारा पंप नव्हताच. इथे तो आहे, ठणठणीत आहे, आणि त्याचं काम आपण मागून घेतोय. मला ते फारसं पटत नाही. पंप रात्री दीड वाजता, पावसात, घरी भांडण झालेलं असतानाही तेल देतो. माणूस पेट्रोल भरताना फोनवर बोलत असतो. मधला मार्गही आहे: पंप ठेवायचा, पण त्याला वेगळ्या टाकीतून टू-स्ट्रोकचं तेल पाजायचं. शेजाऱ्याला हे माहीत होतं. पण त्याला मोजून ओतण्यातच सुख आहे. पेट्रोल भरण्याआधी डिकीतून छोटी बाटली काढून तो प्रकाशात धरतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं त्यापुढे माझे युक्तिवाद टिकत नाहीत.

तरी एकदा विचारलंच, की तुझ्या मुलानं गाडी नेली आणि नुसतं पेट्रोल भरून आणली तर?

‘मुलाला,’ तो म्हणाला, ‘मी बस-पास काढून दिलाय.’