काटा 100 वर, फोनवर 94: टायर बदलल्यानंतरच्या नोंदी

ज्याची बरेच दिवस वाट पाहत होतो ते अखेर झालं, गाडीचे चारही टायर बदलले. माप कंपनीचंच ठेवलं, 185/65 आर 15. जुन्या टायरची नक्षी 1.6 मि.मी.च्या खुणेला (टायर संपल्याची खूण) जवळपास टेकली होती, नव्याची गेजवर 8 मि.मी. भरली. गाडी तीच, फोन तोच, डोंगल तोच, रस्ताही तोच. बदललं ते फक्त रबर. स्पीडोमीटरचा काटा आणि फोनवरचा जीपीएस वेग यांच्यातल्या फरकाचे तुकडे वेगळे करून बघायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती.

या नादात नव्याने पडलेल्यांसाठी आधी मांडणी सांगतो. बहुतेक जण दोनच आकडे ताडून बघतात, मीटरचा काटा आणि फोन. मी तीन घेतो. तिसरा आकडा स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून येतो. तिथे स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल लावलं की गाडीच्या संगणकाला वाटत असलेला वेग पूर्णांकात मिळतो. त्यासाठी एकच बाइट ठेवलेला असल्यामुळे आकडा 0 ते 255 इतकाच धावतो, दशांश नाही. माझ्या गाडीत तरी हा आकडा आणि काटा कधीच जुळत नाहीत. म्हणजे काट्यावर जे दिसतं ते संगणकाचं मत नाही. मधे कुणीतरी भर घातलेली आहे.

ती भर कुणी आणि का घातली, ते संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 39 मध्ये दिसतं. जगातल्या बऱ्याच देशांत गाड्यांचे मीटर याच नियमाने तपासले जातात. काट्याने दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये, एक किलोमीटरनेही नाही. जास्त मात्र चालतो, खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा आणि वर ताशी 4 कि.मी. एवढा. म्हणजे खरा वेग 40 असताना काटा 48 पर्यंत, 80 ला 92 पर्यंत आणि 120 ला 136 पर्यंत गेला तरी मीटर पास. खालच्या बाजूला सूट शून्य, वरच्या बाजूला भरघोस. अशा वेळी मीटर बनवणारा काय करेल? बरोबर खऱ्या वेगावर नेम धरला आणि एखाद्या गाडीला किंचित मोठा टायर बसला तर काटा लगेच नियमाबाहेर. म्हणून तो आधीच थोडा वर नेम धरतो. "कंपनीवाले मुद्दाम जास्त दाखवतात, गाडी पळतेय असं वाटावं म्हणून" ही चहाच्या टपरीवरची थिअरी मला कधीच पटली नाही. एकतर्फी नियमात दुसरं काही होणं कठीणच होतं.

आता आकडे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उर्से टोल सोडल्यावर कामशेतच्या बोगद्यांआधी सपाट, सरळ तुकडे मिळतात. पहाटे रहदारी कमी असते तेव्हा तिथेच नोंदी घेतो. माझ्या गाडीला क्रूझ कंट्रोल नाही, त्यामुळे काटा एका रेषेवर धरून ठेवायचं काम उजव्या पायाचं. आकडे वाचायला धाकटा भाऊ शेजारी. त्याची एकच तक्रार, "दादा, पाय हलवू नकोस ना, फोन अजून स्थिर झाला नाही." बरोबरच आहे त्याचं. साधारण दहा सेकंद वेग एकसारखा राहिल्याशिवाय फोनचा आकडा लिहून घेण्यात अर्थ नाही.

जुने टायर असताना काटा 60 वर असला की ओबीडी 57-58 सांगायचं आणि जीपीएस 56. काटा 80 वर, ओबीडी 77, जीपीएस 75. काटा 100 वर, ओबीडी 96, जीपीएस 94.

नवे टायर लावल्यावर काटा आणि ओबीडी यांच्यातला फरक जसाच्या तसा राहिला, 80 ला 77 आणि 100 ला 96. हलला तो जीपीएस. काटा 80 ला 77, काटा 100 ला 96. ओबीडी आणि जीपीएस चक्क जुळले.

हे बघून मी गाडी कडेच्या पंपावर घेतली आणि वहीत गणित मांडलं. 185/65 आर 15 म्हणजे रुंदी 185 मि.मी., भिंतीची उंची तिच्या 65 टक्के म्हणजे 120.25 मि.मी., रिम 15 इंच म्हणजे 381 मि.मी. एकूण व्यास 621.5 मि.मी. नव्यापासून खुणेपर्यंत घासताना त्रिज्येतून 6.4 मि.मी. जातात, व्यासातून 12.8. म्हणजे 2 टक्क्यांहून किंचित जास्त. घासलेलं चाक लहान असतं, तेच अंतर कापायला जास्त फेरे घेतं, आणि संगणक बिचारा फेरेच मोजतो. 94 ला 2 टक्के वाढवा, 96 येतात. वहीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा असा एकमेकांना भेटला की या छंदाचे पैसे वसूल होतात.

तर माझ्या गाडीपुरता निकाल असा. संगणकाचा हिशेब नव्या टायरवर बेतलेला आहे. काट्यावरची भर सुमारे 4 टक्के, ती क्लस्टरमध्ये, म्हणजे समोरच्या मीटरच्या पॅनेलमध्ये, घातलेली आहे आणि कधी बदलत नाही. त्यावर टायरच्या वयाप्रमाणे 0 ते 2 टक्के. दोन्ही मिळून फोनवर दिसतो तो फरक. म्हणूनच "आपल्या गाडीत सरळ 5 वजा करायचे" हा मित्रमंडळींचा नियम 100 च्या आसपास ठीक वाटतो, पण 40 ला तो साफ फसतो. तिथे फरक जेमतेम दोनाचा.

हवेचाही प्रयोग करून पाहिला. 33 पीएसआयवरून 27 वर आणून त्याच तुकड्यावर परत नोंदी घेतल्या. जीपीएसच्या आकड्यात म्हणण्यासारखा बदल नाही. रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो, तो ताणला जात नाही. हवा कमी झाली की टायर बसतो, पण पट्ट्याचा घेर फारसा घटत नाही. थोडा बदल होतो हे खरं, कारण काही गाड्यांत हवेचा सेन्सर न बसवता फक्त एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरने चाकांचे फेरे मोजून कुठल्या चाकात हवा कमी आहे ते ओळखतात. पण तो इतका बारीक असतो की माझ्या पूर्णांकी आकड्यांत दिसत नाही. हवा लगेच परत भरली. कमी हवेवर हायवेला जास्त वेळ चालवू नका, टायर तापतो.

आता नेहमीचा आक्षेप. फोनचं लोकेशन मोकळ्यावरही चार-पाच मीटर इकडेतिकडे असतं, मग त्याचा वेग कसा खरा मानायचा? फोन दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले वेळ असं करत असता तर आक्षेप बिनतोड होता. पण चांगले रिसीव्हर वेग काढतात तो डॉप्लरवरून, म्हणजे हालचालीमुळे लहरीची वारंवारता किती सरकते त्यावरून. उपग्रहाची एल-1 लहर 1575.42 मेगाहर्ट्झची, तिची लांबी सुमारे 19 सें.मी. तुम्ही ताशी 100 ने, म्हणजे सेकंदाला 27.8 मीटरने उपग्रहाच्या रोखाने निघालात तर त्या लहरीची वारंवारता जवळपास 146 हर्ट्झने सरकलेली दिसते. उपग्रह स्वतः सेकंदाला चार किलोमीटरच्या आसपास धावत असतो, त्याचा हिशेब आधीच माहीत असतो, तो वजा होतो. वारंवारता मोजण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा हात कुणी धरत नाही. त्यामुळे लोकेशन पाच मीटर चुकलं तरी मोकळ्या आकाशाखाली, स्थिर वेगाला, वेगाचा आकडा क्वचितच एका किलोमीटरने हुकतो.

त्या अटी मात्र गंभीरपणे घ्या. साध्या फोनला आकडा बहुधा सेकंदाला एकदाच मिळतो, त्यावर ॲप आणखी गुळगुळीतपणा करतं. ब्रेक मारला की काटा आधी पडतो, फोन मागून येतो. ओव्हरटेक करताना घेतलेली नोंद म्हणून कचऱ्यात. उंच इमारतींमध्ये लहरी भिंतींवर आपटून येतात, तिथलेही आकडे नकोत. बोगद्यात तर काही मॅप ॲप शेवटच्या वेगावरून अंदाजपंचे गाडी पुढे ढकलत राहतात. कामशेतच्या बोगद्यात आम्ही मुद्दाम वेग 80 वरून 65 वर आणला, फोन बाहेर पडेपर्यंत 75 लाच चिकटून होता. घाटातल्या चढाबद्दलही कुणीतरी विचारलं होतं, की जीपीएस आडवा वेग मोजत असेल आणि चाक तिरपा. 6 टक्के चढाला हा फरक 0.2 टक्केसुद्धा भरत नाही. सोडून द्या.

ज्यांचा तरीही उपग्रहांवर विश्वास नाही त्यांच्यासाठी किलोमीटरचे फलक आहेत. एका किलोमीटरवर घड्याळ लावू नका, बोट दाबण्यातच अर्धा सेकंद इकडेतिकडे होतो. पाच किलोमीटर घ्या. जुन्या टायरवर काटा 100 ला धरून आम्हाला 3 मिनिटं 11 सेकंद लागले होते. खरोखर 100 असते तर बरोबर 3 मिनिटांत संपले असते. 191 सेकंदांचा हिशेब केला की वेग येतो 94. फोनने काही वेगळं सांगितलं नव्हतं.

ओडोमीटर ही वेगळी गंमत. काटा 4 टक्के वाढवून दाखवतो म्हणून किलोमीटरही वाढीव पडत असतील असं मलाही आधी वाटायचं. तसं नाही. फलकांप्रमाणे 50 कि.मी. झाले तेव्हा जुन्या टायरवर ओडोमीटरने 51 धरले होते. क्लस्टरची भर फक्त काट्याला, ओडोमीटर सरळ फेऱ्यांवर चालतो आणि त्यात फक्त टायरची झीज दिसते. याचा खिशाशी संबंध आहे. घासलेल्या टायरवर ॲव्हरेज 2 टक्के चांगलं दिसतं, नवे टायर टाकले की पडल्यासारखं वाटतं. 18 चा हिशेब असेल तर जवळपास 0.4 इथेच गेले. नव्या रबराचा रोध जास्त असतो तो वेगळा.

तीच गोष्ट मोठ्या टायरची. 185 च्या जागी 195/65 आर 15 बसवणारे आपल्यात बरेच आहेत. व्यास 634.5 मि.मी., म्हणजे 2.1 टक्के मोठा. माझ्या गाडीला बसवला तर काटा 100 वर असताना खरा वेग 98 निघेल. अजून काटाच पुढे, ठीक आहे. पण एक माप आणखी चढलात की भर संपते आणि काटा खऱ्याच्या खाली येतो. वेगमर्यादेच्या कॅमेऱ्यासमोर "माझ्या मीटरवर तर 100 च होते" हे तेव्हा अगदी खरं असेल आणि उपयोगाचं अजिबात नसेल. द्रुतगती मार्गावर आता दोन कमानींमधला सरासरी वेगही मोजतात, तिथे तुमचा मीटर कुणी विचारत नाही.

जाता जाता बझरबद्दल. 1 जुलै 2019 पासूनच्या कारना 80 ओलांडल्यावर अधूनमधून आणि 120 ओलांडल्यावर सलग वाजणारा इशारा सक्तीचा आहे. माझ्या गाडीत तो काट्याच्या 80 ला वाजतो, जीपीएसच्या 80 ला नाही. त्यामुळे खऱ्या 77 लाच घरचे म्हणतात, "अरे, हळू!"

जुन्या तारेच्या मीटरवाल्यांनी नाराज होऊ नये. वडिलांच्या स्कूटरवर तोच आहे, पुढच्या चाकातून वर येणारी वळती केबल, टोकाला फिरणारं चुंबक, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी आणि स्प्रिंग. चुंबक वाटीला शिवतही नाही, वाटीत निर्माण होणाऱ्या भोवरी विद्युत प्रवाहांच्या ओढीने तिला वळवतं. जर्मन संशोधक ओटो शुल्झे याने 1902 मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती शंभर वर्षं टिकली. केबल कोरडी पडली की काटा 40 आणि 50 च्या मधे थरथरतो, वंगण घातलं की शांत. चुंबकाचा जोर आणि स्प्रिंगचा ताण दोन्ही वयाने बदलतात, त्यामुळे त्याच्यासाठी टक्क्यांचं सूत्र मांडण्याच्या फंदात मी पडलेलो नाही.

पुढचं काम म्हणजे सेकंदाला दहा वेळा आकडा देणारा बाहेरचा रिसीव्हर. फोनची दिरंगाई किती आणि ॲपची किती, हे त्याशिवाय सुटणार नाही. दुसरं, टायर निम्मा घासला की याच तुकड्यावर पुन्हा नोंदी. हिशेबाने जीपीएस तेव्हा काट्याच्या 100 ला 95 दाखवायला हवा.

तुमचे आकडे देताना कृपया टायरचं माप आणि नक्षीची खोली लिहा, काटा आणि फोन यांच्यासोबत ओबीडीही द्या. नुसतं "माझा 6 ने जास्त दाखवतो" एवढ्यावरून कुठल्या वेगाला, कुठल्या टायरवर आणि त्यातले किती क्लस्टरचे, काहीच काढता येत नाही. डिजिटल मीटर असेल तर तेही सांगा. मित्राच्या एसयूव्हीत क्रूझ 100 ला लावून पाहिलं तेव्हा आकडी मीटर 100, ओबीडी 97 आणि फोन 97 असं आलं. टायर त्याचेही नवेच आहेत.