फ्लॅट अडीचपट झाला, म्हणजे नक्की किती वाढला?

"२०१०ला साठ लाखांना घेतला, आज दीड कोटी चाललाय." पुण्यात कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे वाक्य कानावर पडतं. आकडा भारदस्त आहे, पण १५ वर्षांत अडीचपट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ६.३ टक्के, आणि त्यातून खर्च वजा व्हायचेच आहेत.

उदाहरण म्हणून तेच आकडे कागदावर मांडू. २०१०-११ मध्ये करार ६० लाखांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि बिलं जपून ठेवलेली पक्की कामं धरून घर पडलं ६६ लाखांना. २०२५-२६ मध्ये दीड कोटीला विकलं, २ टक्के दलाली गेली, हातात राहिले १ कोटी ४७ लाख. वाढीचा दर उतरला साडेपाच टक्क्यांवर. आता आयकराचा महागाई निर्देशांक घ्या. २०१०-११ला तो १६७ होता, २०२५-२६ला ३७६. ६६ लाखांना ३७६ने गुणून १६७ने भागलं की येतात १ कोटी ४८ लाख ६० हजार. म्हणजे महागाई लावल्यावर नफा उरत नाहीच, वर एक लाख साठ हजार कमी पडतात. त्यातही या निर्देशांकात शहरी ग्राहक महागाईचा ७५ टक्केच भाग धरतात. खरी महागाई याहून जास्त.

हाच हिशेब कर भरताना मात्र उपयोगी पडतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर विकणाऱ्या निवासी व्यक्तीचा कर दोन्ही पद्धतींनी काढून जो कमी तो भरायचा असतो: निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के. वरच्या उदाहरणात पहिल्या पद्धतीने ८१ लाखांवर १० लाख साडेबारा हजार आणि वर अधिभार व उपकर, दुसऱ्या पद्धतीने शून्य. अनिवासी भारतीयांना ही मुभा नाही. शिवाय त्यांच्याकडून घर घेणारा कर कापतो तो सहसा नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर. फ्लॅट परदेशातल्या मुलाच्या नावावर असेल, तर कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून व्यवहाराआधीच काढून घ्या. नाहीतर लाखो रुपये परताव्याची वाट बघत अडकून राहतात.

आता भाव वाढतात कसे, ते. दरवर्षी सहा टक्के अशी सरळ रेघ कुठेच नसते. मुंबईत १९९५च्या सुमारास भाव शिखरावर गेले, मग पडले आणि २००२-०३पर्यंत उठलेच नाहीत. पुढे गृहकर्जाचे दर उतरले, आयटीच्या नोकऱ्या आल्या, आणि २००३ ते २००८ मध्ये मुंबई-पुण्यात भाव सुसाट गेले. २००८च्या मंदीत थोडा दम खाल्ला, मग २०१३पर्यंत पुन्हा चढले. त्यानंतर २०२०पर्यंत जवळजवळ ठप्प: महाग कर्जं, न विकलेल्या फ्लॅटचे ढीग, नोटाबंदी, २०१८ची वित्तसंस्थांची कोंडी. सप्टेंबर २०२०मध्ये राज्याने मुद्रांक शुल्कात डिसेंबरपर्यंत ३ टक्क्यांची, मग मार्च २०२१पर्यंत २ टक्क्यांची सूट दिली, कर्ज ७ टक्क्यांच्या खाली आलं आणि बाजार पुन्हा हलला. पंधरा वर्षांतली बरीचशी वाढ अशी चार-पाच वर्षांत होऊन जाते. बाकीची वर्षं नुसती सांभाळायची.

आणि माणसं मोडतात ती याच सांभाळायच्या वर्षांत. २०१३मध्ये १० टक्क्यांनी ५० लाखांचं कर्ज काढलं असेल, तर पहिल्या वर्षाचं व्याज साधारण ५ लाख. ६० लाखांच्या फ्लॅटचं भाडं अडीच टक्क्यांनी दीड लाख. वर्षाला साडेतीन लाखांचं भगदाड, आणि भाव जागचा हलत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी असा माणूस जेमतेम खरेदीच्या किमतीला विकून मोकळा होतो, तेही तेजी यायच्या आधीच. म्हणून गुंतवणुकीच्या घरावर निम्म्याहून जास्त कर्ज असू नये, असं माझं ठाम मत आहे. भाडं धरताना वर्षातला एक महिना घर रिकामं धरा; मालमत्ता कर, सोसायटीचा मेंटेनन्स आणि रंगकाम वजा करा. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी दुप्पट मेंटेनन्स लावत असेल तर तसं चालत नाही. घर भाड्याने दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्ज) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं.

परिसरातला खरा कल बघायचा तर दलालाला किंवा जाहिरातीला विचारू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे किंवा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक टाकला की सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, दिसते. तिच्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन वेगळे आकडे असतात. दुसरा रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला; आपल्याला हवा तो पहिला, प्रत्यक्ष ठरलेला. एकाच इमारतीतले, एकाच आकाराचे पाच-सहा व्यवहार वेगवेगळ्या वर्षांतले काढा. यात हमखास फसायच्या दोन जागा आहेत. जुन्या करारांत क्षेत्रफळ बहुधा बिल्टअप (भिंती धरून) असतं, रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्यानंतरच्या करारांत कार्पेट (आतली वापरायची जागा). एकाच मापात आणल्याशिवाय दर काढू नका. दुसरी जागा जास्त घातक. जुन्या करारांत रोखीचा भाग लिहिलेला नसायचा. ४० लाखांच्या व्यवहाराची नोंद २८ लाखांची असेल, तर आजच्या किमतीशी तुलना करताना वाढ प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठी दिसते.

शेवटी, भाव वाढतो तो जमिनीचा. इमारत झिजतच असते. पंचवीस वर्षांच्या इमारतीत बाथरूमचं छत एकदा हाताने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटायला आलेलं आहे, आणि बहुधा आत सळई गंजून फुगलेली आहे. म्हणून घेतानाच भूखंडाचं क्षेत्रफळ भागिले फ्लॅटची संख्या हा भागाकार करून बघा. १,००० चौरस मीटरवर सारख्या आकाराचे २० फ्लॅट असतील तर वाट्याला ५० चौरस मीटर येतात. ४,०००वर २०० असतील तर फक्त २०. पुनर्विकासाची वेळ आली की हा फरक थेट वाढीव जागेत दिसतो.

पण ती जमीन सोसायटीच्या नावावर हवी. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढून बघा. तिथे अजून बिल्डरचं किंवा मूळ मालकाचं नाव असेल, तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून न दिलेलं जमिनीचं हस्तांतरण) अर्ज करता येतो. त्याला सभासदांचे नोंदणीकृत करार, मंजूर नकाशा, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. जुने सभासद हयात आहेत आणि त्यांच्या कपाटात मूळ करार आहेत, तोवर हे काम उरकून घ्या.