रिव्हर्सर कधी उचलायचा: बेलोरा-बिरसीचा माझा अनुभव

अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची धावपट्टी १८५० मीटर, गोंदियाच्या बिरसीची २३००, नागपूरची ३२००. रिव्हर्सर म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून विमानाला मागे ओढणारी यंत्रणा; थ्रॉटलवरचा लिव्हर उचलून ती उघडतात. नागपूरला रिव्हर्सर नुसता उघडून ठेवला तरी भागतं. बेलोऱ्याला, त्यातून झड लागलेली असेल तर, तो कधी आणि किती उचलायचा हे खाली येण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

पहिला हिशेब कागदावरचा, आणि त्यात रिव्हर्सर नसतोच. कोरड्या धावपट्टीचं उतरण्याचं अंतर रिव्हर्सर न वापरता मोजलेलं असतं. चार्टरच्या जेटला ते अंतर उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत बसवावं लागतं. बेलोऱ्याला म्हणजे १११० मीटर. धावपट्टी ओली असेल तर लागणारी लांबी १५ टक्क्यांनी वाढते, म्हणजे १११०ला १.१५ने भागायचं. उरतात जेमतेम ९६५. इथे आकडा बसत नसताना ‘रिव्हर्सर आहे ना, होऊन जाईल’ म्हणणाऱ्यासोबत मी बसत नाही. सायटेशन सीजे मालिका, फेनम ३००, पीसी-२४ या विमानांना रिव्हर्सरच नाही, तरी ती आखूड पट्ट्यांवर उतरतात. फाल्कन ७एक्सला तीन इंजिनं, पण रिव्हर्सर फक्त मधल्याला. रिव्हर्सर ही गाठीशी ठेवलेली शिल्लक आहे, रोजच्या खर्चाची नव्हे.

मग तो वापरायचाच कशाला? नवतपा घ्या. ४५ अंशांना हवा इतकी विरळ होते की सुमारे ३०० मीटर उंचीवरच्या आपल्या पट्ट्यांवर काट्यावर ११५ नॉट असताना खरा वेग १२३च्या घरात जातो. वेग सात टक्के जास्त, पण ब्रेकांनी गिळायची ऊर्जा चौदा टक्के जास्त. प्रवासी उतरवून अर्ध्या तासात परत निघायचं असेल तर तापलेल्या डिस्क तेवढ्यात निवत नाहीत. अशा दिवशी पट्टी कोरडी असली तरी मी रिव्हर्स घेतो.

क्रम ठरलेला. मुख्य चाकं टेकली की आधी स्पॉइलर (पंखांवर उभ्या राहणाऱ्या फळ्या), कारण पंखांवरची उचल मोडल्याशिवाय चाकांवर वजन येत नाही. मग नोजव्हील (नाकाखालचं चाक) खाली, योक (हातातलं नियंत्रण) किंचित पुढे, ब्रेक, आणि त्याच ओघात थ्रॉटलवरचे छोटे लिव्हर वर. नोजव्हील हवेत असताना रिव्हर्स उचलला तर शेपटीकडच्या उंच इंजिनांचा मागे ओढणारा जोर नाक वर करू पाहतो. सायटेशनमध्ये आर्म (तयार), अनलॉक (कुलूप सुटलं), डिप्लॉय (पूर्ण उघडला) असे तीन दिवे क्रमाने लागतात. दोन्ही बाजूंचा डिप्लॉय दिसेपर्यंत लिव्हर आणखी ओढायचा नाही.

खरा मुद्दा वेळेचा. १०५ नॉटला विमान सेकंदाला ५४ मीटर खातं. झडपा उघडायला आणि इंजिन चढायला लागणारे सेकंद वजा केले तर कामाचा रिव्हर्स पाच-सहा सेकंदच मिळतो, आणि त्याचा जोर वेग जास्त असतानाच असतो. म्हणून अर्धी पट्टी संपल्यावर घाईने उचललेला रिव्हर्स नुसता आवाज करतो. कोरड्यावर मला बहुधा आयडल रिव्हर्स, म्हणजे इंजिन न चढवता नुसता उघडलेला, पुरतो. ओल्यावर पहिल्या क्षणापासून पूर्ण.

ओल्याचं कारण टायरात आहे. पाणी साचलेल्या पट्टीवर टायर कितव्या वेगापर्यंत तरंगतो याचा ढोबळ हिशेब: टायरच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ गुणिले नऊ. १४४ पीएसआय असेल तर १०८ नॉट. त्याच्या वर ब्रेक दाबून काही होत नाही, चाक नुसतं घसरतं. तेव्हा स्पॉइलर आणि रिव्हर्स एवढेच हाताशी उरतात.

पण ओल्यावर आडवा वारा असेल तर हाच रिव्हर्स उलटतो. बकेट, म्हणजे रिव्हर्सरच्या झडपा, झोताच्या आड आल्या की पुढे फेकलेला वायू रडरवरची (शेपटीच्या उभ्या सुकाणूवरची) हवा मोडतो. नाक वाऱ्याकडे वळतं, आणि मागे ओढणारा जोर तिरपा होऊन विमानाला वारा वाहतो त्या बाजूच्या कडेला, म्हणजे थेट काळ्या मातीकडे नेतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चाक गेलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. उपाय मनाला पटत नाही तरी करायचा: रिव्हर्स आयडलला, ब्रेक सैल, रडरने सेंटरलाइन पकडायची, मग पुन्हा दोन्ही.

६० नॉटला लिव्हर आयडलवर आलेले असायला हवेत, म्हणजे ७०-७५लाच हात हलला पाहिजे. त्याखाली पुढे फेकलेला गरम वायू आणि खडी इंजिन स्वतःच ओढून घेतं. बिरसीभोवती धानाची शेती, कापणीनंतर तणीस उडत येते. बेलोऱ्याकडे सोयाबीनचं कुटार. एक खडा काँप्रेसरच्या पात्याला लागला की बोअरस्कोप (इंजिनात कॅमेरा घालून तपासणी) आला. मात्र पट्टी खरोखर संपत असेल तर हा नियम बाजूला ठेवायचा आणि थांबेपर्यंत रिव्हर्स ओढायचा. इंजिन नवं मिळतं.

एक दार मात्र कायमचं बंद होतं. रिव्हर्स उचलला की पुन्हा उडायचं नाही. २०१९मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या एलिझाबेथटनला सायटेशन लॅटिट्यूड टेकून उसळलं. सुरुवातीला स्पीडब्रेक (म्हणजे स्पॉइलर) काढले नव्हते, रिव्हर्सर उघडायला लिव्हर उचललेले होते, आणि तशात पुन्हा उडण्यासाठी थ्रॉटल पुढे गेले. गरज होती तेव्हा जोर मिळाला नाही. विमान आपटलं, उजव्या चाकाचा पाय मोडला, पट्टीबाहेर जाऊन पेटलं. सगळे वाचले. उसळलं तर रिव्हर्सला हात न लावता उडायचं. हात लागला असेल तर थांबायचं.

दिवा नसेल तर लिव्हरवर विश्वास नाही, हेही तितकंच. २००८मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाला लिअरजेट ६०ने टेकऑफ अर्ध्यावर रद्द केला. फुटलेल्या टायरांच्या तुकड्यांनी चाकांवरचं वजन ओळखणाऱ्या सेन्सरची वायर तुटली, विमानाला आपण हवेत आहोत असं वाटलं, रिव्हर्सर मिटले, आणि रिव्हर्ससाठी ओढलेला जोर पुढे ढकलू लागला. चौघे गेले. म्हणून उजवीकडचा पायलट दिवे मोठ्याने बोलतो, आणि अनलॉक विझून नुसता वेग वाढतोय असं जाणवलं तर लिव्हर लगेच खाली.

टॅक्सी करताना लिव्हर खाली, तिन्ही दिवे विझलेले. पार्किंगला उतरलो की बकेटच्या फटीत हात घालण्याआधी हायड्रॉलिक दाब शून्य आहे ना ते पाहतो, मग तणीस काढतो.