उजवं इंजिन चालू होतं

एप्रिलची दुपार, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीवर 35 अंश. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फुटांवर आहे. तशा उन्हात तिथली हवा जवळजवळ 5,000 फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. आमचं सेनेका टू हे छोटं, दोन इंजिनांचं विमान. त्याची इंजिनं टर्बोची, म्हणजे हवा दाबून आत घेणारी, ती ताकद राखतात. पण पंखांना आणि प्रोपेलरला तीच पातळ हवा कापावी लागते.

मागे गोकुळ शिरगावच्या फौंड्रीचे दोघे भागीदार बसले होते. पट्टीवर जाण्याआधी मी को-पायलटला नेहमीचं ब्रीफिंग मोठ्याने म्हणायला लावलं: "चाकं खाली आणि पुढे पट्टी शिल्लक, तर दोन्ही थ्रॉटल मागे, सरळ उतरायचं. चाकं वर आणि निळी रेष गाठलेली, तरच पुढे." निळी रेष म्हणजे वेगमापकावरची खूण: एका इंजिनावर सर्वांत चांगलं चढण्याचा वेग.

पश्चिमेचा वारा, म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेली 25 क्रमांकाची पट्टी. चाकं जमिनीवरून सुटली, थोडे वर आलो आणि नाक डावीकडे ओढलं गेलं. ते सरळ ठेवायला उजवा पाय रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या पेडलवर, दाबला. डावा पाय मोकळा, म्हणजे डावं इंजिन गेलं. वेग 80 नॉटच्या आसपास. 66 ची लाल रेष, म्हणजे एका इंजिनावर विमान ताब्यात राहण्याचा किमान वेग, ओलांडलेली, 89 ची निळी अजून दूर. या मधल्या वेगात विमान ताब्यात राहतं, पण एका इंजिनावर चढण्याची आशा धरू नये. दोन्ही थ्रॉटल मागे घेतले, नाक खाली केलं. उजवीकडचा जोर जाताच विमान सरळ झालं आणि टेकलं. पूर्वी ही पट्टी 1,370 मीटरची होती. पुढच्या वाढीव पट्टीचं मोल त्या क्षणी कळलं.

इंजिनावर चालणारा इंधनपंप गेला होता, असं इंजिनिअरने नंतर सांगितलं.

उतरल्यावर थोरल्या भागीदारांनी विचारलं, "कॅप्टन, उजवं इंजिन तर चालू होतं की! वर का न्हाई गेलो?"

प्रश्न रास्त होता. ताकद निम्मी झाली म्हणून चढण निम्मी होत नाही. आधी विमान नुसतं हवेत ठेवायलाच बरीच ताकद लागते. वर उरते तिच्यावर चढण. दोन इंजिनांवर मिनिटाला 1,300 फुटांहून जास्त चढणारं हे विमान एका इंजिनावर, समुद्रसपाटीलासुद्धा, जेमतेम दोनशेच्या घरात चढतं. तेही चाकं वर आणि मेलेला प्रोपेलर फेदर करून, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला समांतर वळवून. आमची चाकं खाली होती आणि प्रोपेलर वाऱ्याने फिरत विमानाला मागे ओढत होता.

"म्हंजे ऑर्डरी निम्म्या झाल्या तरी लाइटबिल आन् पगार तेवढाच," ते म्हणाले. वैमानिकांच्या वर्गातही इतकं नेमकं मी ऐकलेलं नाही.

या विमानाला मंजुरी देणाऱ्या अमेरिकी नियमांत, 6,000 पौंडांपर्यंतच्या आणि कमी वेगाला स्टॉल होणाऱ्या, म्हणजे पंखांची उचल सुटणाऱ्या, विमानाने एका इंजिनावर चढलंच पाहिजे अशी अट नव्हती. चढतं की उतरतं, ते मोजायचं, बस्स. प्रवाशाला हे कुणी सांगत नाही. मला वाटतं, सांगायला हवं. मी त्यांना मॅन्युअलमधला तक्ता उघडून दाखवला: थंड हवा आणि कमी वजन असलं की तोच आकडा कसा सुधारतो. पुढचं उड्डाण त्यांनी सकाळी सातचं ठरवलं आणि सुट्ट्या भागांच्या पेट्या टेम्पोने पाठवल्या.