घरीही ॲक्टिंग करता का?

नाटकात काम करते म्हटलं की समोरचा माणूस दोन मिनिटांत या प्रश्नावर येतोच: "मग घरीही ॲक्टिंग करत असाल! तुमचं खरं काय नि खोटं काय, कळायचं कसं?" विचारतात हसत, पण संशय असतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

रोजच्या बोलण्यात ‘ॲक्टिंग’ हे बहुतेक वेळा कौतुक नसतं. शाळा बुडवायला पोट धरून बसलेल्या पोराला आपण म्हणतो, "ॲक्टिंग पुरे." मीटिंगमध्ये ऐकल्यासारखी मान डोलावणाराही तेच करत असतो. (ऑफिसातला ‘ॲक्टिंग मॅनेजर’ यात धरत नाही, तो बिचारा खरोखरच दोघांचं काम ओढत असतो.) या ॲक्टिंगचा सगळा जीव एकाच गोष्टीत असतो, ती म्हणजे समोरच्याला पत्ता लागू न देणं. नाटकात तर तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की आत्ता मेलेला हा माणूस पडदा पडल्यावर उठून नमस्कार करणार आहे. तरी ते रडतात. यात फसवलं कुणी कुणाला?

आणि खरं सांगायचं तर आमची बहुतेक मेहनत ‘दाखवणं’ बंद करण्यात जाते. रिकामी सुटकेस जड आहे असं भासवायचं असेल, तर नवखा नट दात-ओठ खातो, खांदा उचलतो, कण्हतो. खरोखर भरलेली बॅग उचलणाऱ्याकडे बघा. चेहऱ्यावर फारसं काही नसतं. अंग कमरेतून उलट्या बाजूला कलतं, मोकळा हात शरीरापासून जरा लांब जातो, पहिलं पाऊल आखूड पडतं. त्याला वजन दाखवायचं नसतं, बॅग न्यायची असते. दारुड्याची भूमिका करतानाही झोकांड्या खायच्या नसतात, सरळ चालायची धडपड करायची असते. रडण्याचंही तेच. रडू आवरणारा माणूस प्रेक्षकाला रडवतो.

मग डोळ्यांतलं पाणी खरं की खोटं? हा वाद जुना आहे. ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरतमुनीनं अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेश-रंगाचा आणि सात्त्विक म्हणजे मनातून उमटणारा. वेशभूषा नि रंगभूषासुद्धा त्यानं अभिनयातच मोजली, हे मला फार आवडतं. अश्रू, रोमांच, स्वरभंग, चेहऱ्याचा रंग उडणं हे सगळं सात्त्विकात येतं, आणि त्यासाठी मन एकाग्र हवं, असं तो म्हणतो. अठराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत दिदरो याचं म्हणणं बरोबर उलटं. थोर नटानं स्वतः काही वाटून घेऊ नये, डोकं थंड ठेवावं. भावनेवर विसंबणारा एक दिवस चांगलं करेल, दुसऱ्या दिवशी आपटेल. त्याचं हे लिखाण पुस्तकरूपानं आलं 1830 साली, तो गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

मला दोघांचंही पटतं, कारण प्रयोगात दोन्ही एकदमच चालू असतं. गळा दाटून आलेला असतो, डोळ्यांत पाणी असतं, आणि त्याच क्षणी समोरच्यानं एक वाक्य गाळलंय, लाइट दोन पावलं उजवीकडे पडलाय, पुढच्या रांगेत कुणीतरी खोकतंय, हेही कळत असतं. पाय आपसूक त्या लाइटकडे सरकतात. रडणं तिळमात्र कमी होत नाही.

तेव्हा घरचं विचाराल तर, मला रंगमंचावर जे जमतं त्यामागे लिहून दिलेले संवाद असतात, दिग्दर्शकाची बोलणी असतात, कित्येक आठवड्यांची तालीम असते. घरच्या भांडणात यातलं काहीच मिळत नाही. आयत्या वेळी थाप मारायची झाली, तर आमच्या घरातली बाकीची मंडळी माझ्याहून कितीतरी सरस आहेत. त्यांतल्या कुणीही आजवर रंगमंचावर पाऊल ठेवलेलं नाही.